माळवद आणि काँक्रीट



ग्रामीण घरबांधणीवरची परिषद लातुरात भरते आहे, याचं मला मोल वाटतं. जुन्या घरांचं कौतुक इतरत्र सहज करता येईल. इथे आधी ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. भूकंपात किल्लारी परिसरातली हजारो माणसं स्वतःच्याच घरांखाली गेली. दोष दगडाच्या माथी बसला. पण त्या भिंती कशा होत्या? आतबाहेर दगडांचे दोन पदर, मध्ये चिखल आणि कपच्या, दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड जवळपास नाहीच. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, आणि गळती थांबवायला त्यावर दरसाल चढवलेली माती. हादरा बसला, पदर सुटले, ते ओझं खाली आलं. कित्येक घरांत मात्र भिंती ढासळूनही खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा उभा राहिला. याची आठवण फारशी कुणी काढत नाही.

पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी वसली. निवारा मिळाला, त्याची कृतज्ञता आहेच. पण जमिनीच्या हिशेबानं मिळालेल्या २५०, ४५०, ७५० चौरस फुटांच्या घरांत गुरं, कडबा, शेतीची अवजारं कुठे मावणार? लोकांनी पुढे पत्रे जोडले. वैशाखातल्या दुपारी या घरांच्या काँक्रीट स्लॅबखाली बसवत नाही, हे वेगळंच.

माझं मत स्पष्ट आहे: चूक सांध्यांत होती, आपण सगळं घरच टाकून दिलं. उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत चार फुटांच्या आत एक आरपार दगड. जोत्याशी, दारं-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छताखाली काँक्रीटचा सलग पट्टा. छतावरचं ओझं कमी. असे उपाय भारतीय मानकांत १९९३ पासून आहेत.

प्रधानमंत्री आवास योजनेतलं ग्रामीण घर किमान २५ चौरस मीटरचं असतं. तेवढ्याच जागेचा एक नकाशा या परिषदेत तयार व्हावा, अशी स्वागत समितीची आग्रहाची विनंती आहे. भिंत इथल्या दगडाची, पट्टे काँक्रीटचे, छत हलकं, पुढे ओसरी, मागे गुरांसाठी मोकळी जागा. आणि तो काढताना गवंड्यांना शेजारी बसवा. पट्ट्यातली सळई कोपऱ्यावर कशी वळवायची, हे त्यांना तिथेच विचारा, तिथेच दाखवा.