सुट्टी शाळेला, घोर आईला



पावसामुळे शाळेला अचानक सुट्टी मिळाली, की आमच्या वस्तीत पोरे नाचतात आणि आयांच्या पोटात गोळा येतो. घरकाम करणाऱ्या बाईने खाडा केला तर पगार कापतात. मग दाराला बाहेरून कडी लागते.

अशाच एका घरी बहीणभावाने ‘हॉटेल हॉटेल’ खेळताना खराच गॅस पेटवला. पडदा जळाला; शेजारणीने कडी काढली म्हणून मुले वाचली. मी पोचले तेव्हा जो तो आईलाच बोल लावत होता. बापाला कोणी विचारले नाही.

२०१७ च्या कायदादुरुस्तीने ५० कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झाले. चार घरी राबणारीला ते कुठून मिळणार?

मुले खोड्या करणारच. त्यांना सांभाळणे एकट्या आईचे काम नाही. वस्तीतच पाळणाघर हवे, ही मागणी लावून धरू या.