खेळातला राजपुत्र पडद्यावर

श्रोतेहो, भरताच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात एक मौजेचा प्रसंग आहे. इंद्रादी देव ब्रह्मदेवाकडे जातात आणि एक मागणे मागतात. त्यांना हवे असते 'क्रीडनीयक', म्हणजे खेळणे. ते डोळ्यांनी पाहता यावे आणि कानांनी ऐकता यावे, एवढीच त्यांची अट. ब्रह्मदेव त्यांना नाट्य देतो. देवांनी खेळणे मागितले आणि त्यांच्या पदरात नाटक पडले! त्यांचे समाधान झाले असावे, कारण खेळणे परत केल्याचा उल्लेख पुढे कोठे आढळत नाही.

हा प्रसंग आज आठवण्याचे कारण असे की, गेल्या तीस-बत्तीस वर्षांत अमेरिकेतील चित्रपटव्यवसाय हाच उद्योग मोठ्या हिरीरीने करीत आला आहे. संगणकाच्या पडद्यावर मुले जे खेळ खेळत होती, त्यांचे हाडामांसाच्या नटांकडून वठविलेले चित्रपट त्याने काढले. मात्र प्रेक्षक देवांइतके समजूतदार निघाले नाहीत. त्यांतील बहुतेक चित्रपटांनी त्यांची घोर निराशा केली. असे का व्हावे, ह्याचा थोडा विचार मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

ह्या वाटेवरचे पहिले मोठे पाऊल १९९३ साली पडले. जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा १९८५ सालचा खेळ तोपर्यंत जगभर घरोघरी पोचला होता. त्यातील मिशाळ नळकारागीर धावतो, उड्या मारतो, नाणी गोळा करतो. तो असे का करतो, हे खेळताना कोणी विचारीत नाही. चित्रपटाला मात्र 'का' ह्या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते. ते देण्याच्या खटाटोपात पटकथाकारांनी डायनासोरांपासून उत्क्रांत झालेल्या माणसांचे एक काळोखे नगर उभे केले आणि बॉब हॉस्किन्ससारख्या समर्थ नटाला त्यात सोडून दिले. चित्रपट पार कोसळला. पुढे हॉस्किन्स ह्यांनी स्वतःच, आपण केलेले सर्वांत वाईट काम ते हेच, असे सांगून टाकले.

पुढच्याच वर्षी 'स्ट्रीट फायटर' आला. त्यातील धालसिम ह्या भारतीय पात्राची भूमिका रोशन सेठ ह्यांनी केली होती. अ‍ॅटनबरो ह्यांच्या १९८२ सालच्या 'गांधी' चित्रपटातील नेहरू ते हेच. त्याच चित्रपटातील गांधी, म्हणजे बेन किंग्जली, हेही कालांतराने एका खेळावरून काढलेल्या चित्रपटात खलनायक झाले. स्वातंत्र्यलढ्याच्या पडद्यावरील दोन्ही नेत्यांनी अखेर व्हिडिओ गेमची वाट धरावी, हा योगायोग मोठा विलक्षण खरा. पण त्यातून कोणताही निष्कर्ष काढण्याचा माझा मानस नाही.

किंग्जली ह्यांचा तो चित्रपट म्हणजे 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. तो २०१० साली प्रदर्शित झाला. माझ्या विवेचनासाठी मी हाच नमुना निवडला आहे, कारण त्याच्या मुळाशी असलेला खेळ माझ्या पिढीच्या चांगल्या परिचयाचा आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात, संगणक ही वस्तू आपल्याकडे अजून नवलाची होती त्या काळात, हा खेळ फ्लॉपीवरून हातोहात पसरला. शाळांतील संगणकाच्या खोल्यांत, खासगी वर्गांत आणि, खोटे कशाला बोला, सरकारी कचेऱ्यांतही जेवणाच्या सुट्टीत तो खेळला जाई. इराणच्या इतिहासाचे एक पानही न वाचलेल्या कारकुनाला त्या तळघरातील कोणती फरशी पायाखालून निसटते, हे मात्र मुखोद्गत असे.

ह्या खेळाचा कर्ता जॉर्डन मेक्नर. येल विद्यापीठात शिकत असतानाच त्याने 'कराटेका' नावाचा एक खेळ रचला होता. त्यात नायक शेवटी राजकन्येच्या कोठडीत पोचतो. पण लढण्याच्या पवित्र्यातच तो तिच्याजवळ गेला, तर ती एका लाथेत त्याला ठार करते! शिष्टाचाराचा असा धडा कोणत्याही चित्रपटाने दिल्याचे मला स्मरत नाही. मेक्नरचा ओढा मुळात चित्रपटाकडेच होता. आपण पटकथा लिहाव्या की खेळ रचावे, ह्या द्विधेत त्याची कित्येक वर्षे गेली. १९८५ साली त्याने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून एका मोकळ्या वाहनतळावर पळायला आणि उड्या मारायला लावले आणि त्याचे चित्रण केले. मग दूरदर्शन संचाच्या पडद्यावर ते चित्रण थांबवून थांबवून त्याने एकेका क्षणाची छायाचित्रे घेतली, त्यांवर काळ्या-पांढऱ्या रंगाने आकृती ठळक केल्या आणि त्या संगणकात उतरविल्या. तलवारीच्या द्वंद्वासाठी तर त्याने १९३८ सालच्या रॉबिन हूडवरील चित्रपटातील एरॉल फ्लिन आणि बेसिल रॅथबोन ह्यांचे हातवारे उचलले. खेळाचा चित्रपट पुढे झाला, हे आपण पाहतोच. पण हा खेळ जन्मला तोच मुळी चित्रफितीच्या पोटी. म्हणूनच त्यातील राजपुत्र कड्याला लोंबकळतो, धडपडतो, उतावीळपणे धावताना थांबायचे झाले तर दोन पावले घसरतो. त्याला वजन आहे.

१९८९ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या खेळाची कथा दोन वाक्यांत संपते. जाफर नावाच्या वजिराने राजकन्येला कोंडले आहे आणि तिला एका तासाची मुदत दिली आहे. तळघरात अडकलेल्या नायकाने त्या अवधीत तिच्यापर्यंत पोचावयाचे. पण त्या एका तासाची योजना लक्षात घेण्याजोगी आहे. हा तास कथेतला नाही, भिंतीवरच्या घड्याळातला आहे. खेळणारा खड्ड्यात पडून मेला, तर त्या मजल्याच्या आरंभी पुन्हा जिवंत होतो. परंतु गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत. प्राण हवे तेवढे आहेत, वेळ मात्र मोजका! आपल्या सभापर्वातही तसेच आहे. त्या द्यूतात फासे कसे पडले, कोणते दान कोणाचे, ह्यात व्यासांना रस नाही. शकुनी प्रत्येक वेळी जिंकतो, एवढे सांगून ते पुढे जातात. ते सविस्तर सांगतात ते पणाला काय लागले ते: रत्ने, रथ, राज्य, भाऊ, स्वतः, आणि शेवटी द्रौपदी. खेळाचे सत्त्व चालींत नसून पणात असते, हे व्यासांनी जाणले होते. मेक्नरच्या खेळात पणाला लागतो तो खेळणाऱ्याचा स्वतःचा तास.

दुसरी योजना ह्याहूनही सूक्ष्म आहे. चौथ्या मजल्यावर एक आरसा आडवा येतो. त्यातून उडी मारल्यावाचून गत्यंतर नाही. आणि मारली की पलीकडून नायकाची छाया सुटी होऊन पळून जाते. ही छाया पुढे आपले औषध पिऊन टाकते, आपल्या तोंडावर दार लावून घेते. शेवटी ती तलवार उपसून समोर उभी राहते. आपण वार करतो आणि पाहतो तो आपलीच शक्ती एका घावाने घटलेली. तिला मारले तर आपणही मेलो. मार्ग एकच: तलवार म्यान करावयाची आणि तिच्या अंगावर निःशस्त्र चालून जावयाचे. मग ती पुन्हा आपल्यात विलीन होते. ह्या छायेचा जन्म अडचणीतून झाला. त्या काळच्या संगणकाच्या तोकड्या स्मृतीत दुसऱ्या पात्रासाठी जागा उरली नव्हती, म्हणून मेक्नरने नायकाच्याच आकृती किंचित बदलून पुन्हा वापरल्या. अडचणीतून निघालेला इतका अर्थगर्भ उपाय मी तरी अन्यत्र पाहिलेला नाही. आणि हे कोणी सांगत नाही, खेळात तसा एकही संवाद नाही. ते बोटांना कळते, आणि मागाहून बुद्धीला.

श्रोतेहो, ह्या दोन्ही गोष्टी चित्रपटात नाहीत. ना तो तास, ना ती छाया. ह्याचे कारण असे की, चित्रपट मूळ खेळावर आधारलेला नसून २००३ सालच्या 'द सँड्स ऑफ टाइम' ह्या त्याच्या नव्या अवतारावर आधारलेला आहे. ह्या अवताराच्या लेखनातही मेक्नरचा हात होता. त्यातील कथेला हिंदुस्थानचा संबंध आहे. इराणी फौज एका महाराजाच्या राजवाड्यावर चालून जाते, घरभेदी वजीर तिला वाट दाखवितो, आणि लुटीत एक खंजीर राजपुत्राच्या हाती लागतो. त्या खंजिरातील वाळूने काळ मागे फिरविता येतो. नायिका फराह ही त्याच महाराजाची मुलगी. सारी हकीकत राजपुत्र स्वतः तिला सांगतो आहे, अशी रचना आहे. त्यामुळे खेळणारा चुकून मेला की, छे छे, असे घडले नव्हते, अशा अर्थाचे काही तरी पुटपुटून कथेकरी स्वतःचीच दुरुस्ती करतो आणि गोष्ट पुन्हा पुढे चालू लागते. मृत्यू म्हणजे कथेकऱ्याच्या जिभेची चूक! कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या अरबी भाषेतील सुरस गोष्टी ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना ही शहरजादीच्या कुळातील युक्ती ओळखू यावी.

चित्रपटाने ह्यातून काय घेतले? खंजीर घेतला, वाळू घेतली, भिंतींवरून धावणे घेतले. त्यासाठी डेव्हिड बेल ह्या फ्रेंच कसरतपटूचे मार्गदर्शन घेतले, मोरोक्कोच्या वाळवंटात चित्रण केले, माइक न्यूएलसारखा जाणता दिग्दर्शक नेमला. हिंदुस्थानी फराह मात्र गेली. तिच्या जागी अलामूत नावाच्या काल्पनिक पवित्र नगरीची राजकन्या तमिना आली. प्रमुख भूमिकांत इराणी वंशाचे नट नसल्याबद्दल टीका झाली, ती रास्तच होती. कथेकरी राजपुत्रही गेला. चित्रपट वाईट निघाला असे मी म्हणणार नाही. त्याने जगभरातून सुमारे ३३ कोटी डॉलर मिळविले आणि खेळांवरून निघालेल्या चित्रपटांत तोवर एवढी कमाई कोणाची झाली नव्हती. पण निर्मितीचा खर्चही अवाढव्य होता आणि पुढचा भाग निघाला नाही.

पटकथाकारांना श्रेय द्यावयाचे ते एका कल्पनेबद्दल. राजाचा भाऊ निझाम, म्हणजे आपले किंग्जली, ह्याने लहानपणी भावाला सिंहाच्या तावडीतून वाचविलेले असते. त्याला काळ मागे फिरवावयाचा आहे तो ह्यासाठी की, ह्या खेपेस त्याने भावाला वाचवू नये आणि राज्य स्वतःकडे यावे. केलेले सत्कृत्य पुसून टाकण्याची ही इच्छा! दुष्टपणाची एवढी नेमकी व्याख्या खेळात नव्हती. ती नाटकाची देणगी आहे. ह्याच धाग्यावर पटकथेने अधिक भार टाकला असता, तर मी आज वेगळे भाषण केले असते.

परंतु शेवटी घोटाळा होतोच. खेळाच्या आणि चित्रपटाच्या अखेरीस काळ उलटा फिरतो, घडलेले सारे न घडलेले होते, आणि नायिकेला नायकाची ओळखही राहत नाही. प्रसंग दोन्हीकडे जवळजवळ एकच. खेळ संपविणाऱ्याच्या मनाला तो चटका लावतो. चित्रपट पाहणाऱ्याला मात्र आपली फसगत झाल्यासारखे वाटते. असे का? खेळणाऱ्याने ती वाट स्वतः तुडविलेली असते. राजकन्या विसरली तरी त्याची बोटे विसरलेली नसतात, आणि ती स्मृती जगात फक्त त्याच्यापाशी आहे ह्या जाणिवेतच त्या शेवटाचा करुण रस आहे. प्रेक्षकाने काहीच वेचलेले नसते. त्याच्या दृष्टीने दोन तासांच्या कथेवर कोणी तरी पाणी फिरविले, एवढेच. आपले साहित्यशास्त्र प्रेक्षकाला रसास्वाद मिळतो तो साधारणीकरणामुळे, असे शिकविते. एम. ए.ला असताना आम्ही हे घोकले आहे. खेळणाऱ्याचा अनुभव असा साधारण नसतो, त्याचा स्वतःचा असतो, म्हणून त्याचा रसही निराळ्या वाटेने येतो. एकाची वाट दुसऱ्याला उपयोगी पडत नाही.

मग खेळाचे रूपांतर करूच नये काय? रूपांतराच्या बाबतीत मराठी माणसाने सोवळेपणा दाखवावा, हे काही शोभणार नाही. आमची रंगभूमी अर्धी त्यावरच उभी आहे. देवलांनी 'संशयकल्लोळ' इंग्रजी प्रहसनावरून घेतले, पण फाल्गुनराव आणि कृत्तिका ह्यांचे भांडण ऐकताना मूळ इंग्रजी आहे ह्याची कोणास आठवण होते? देवलांनी संशय तेवढा उचलला. त्याच्याबरोबर खुर्च्या आणि टोप्या उचलून आणल्या नाहीत. खेळांच्या चित्रपटांनी नेमके खुर्च्या-टोप्यांचेच ओझे वाहिले.

अलीकडे ह्यात थोडा पालट झालेला दिसतो. २०१३ साली आलेल्या 'द लास्ट ऑफ अस' ह्या खेळावरून २०२३ साली त्याच नावाची मालिका निघाली. महामारीने उद्ध्वस्त झालेल्या अमेरिकेतून एक पुरुष आणि एक मुलगी प्रवास करतात, अशी ती कथा. खेळात त्यांना वाटेत बिल नावाचा एक तिरसट माणूस भेटतो. त्याचा जोडीदार फ्रँक त्याला सोडून गेलेला असतो. पुढे त्याचे प्रेत आणि मागे ठेवलेली एक कडवट चिठ्ठी सापडते. खेळणाऱ्याला तेथे थांबण्यास फुरसत नसते, शत्रू मागावर असतात. मालिकेच्या तिसऱ्या भागात लेखक मात्र तेथेच थांबले. प्रवासी दोघांना जवळजवळ बाजूला ठेवून त्यांनी बिल आणि फ्रँक ह्यांचा अनेक वर्षांचा संसार दाखविला, आणि तो खेळातल्यापेक्षा अगदी वेगळा रंगविला. मारामारी नावापुरती. एके दिवशी फ्रँक बिलला बागेत नेतो आणि एक गुपित दाखवितो. बिलच्या संग्रहातील एक बंदूक कोणाला तरी देऊन त्याने मोबदल्यात स्ट्रॉबेरीचे बी मिळविलेले असते, आणि आता त्या वेलींना फळे धरली आहेत. बिल एक फळ तोंडात टाकतो आणि लहान मुलासारखा खुदकन हसतो. तेवढा प्रसंग जमून गेला आहे, आणि तो मूळ खेळात कोठेही नाही.