स्वागताध्यक्षांचे भाषण



शाळा सोडल्यावर मुले कोणत्या कामधंद्याला लागतात, याचा मागोवा घेणाऱ्या या परिषदेसाठी आपण दूरदूरहून आलात. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आपले मनःपूर्वक स्वागत!

सातारा ही मराठ्यांची राजधानी, हे आपण जाणताच. आज मला आवर्जून स्मरण करायचे आहे ते सर धनजीशा कूपर यांचे. १९२२ साली त्यांनी इथे कारखाना काढला, लोखंडी नांगर बनवले. १९३७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झाले ते हेच सातारकर! नव्या पिढीला हे नाव ठाऊक नाही, याची खंत वाटते.

त्या कारखान्याच्या उभारणीत कूपरांच्या जोडीला होते भाऊराव पाटील. आधी शिकवण्या घेणारे ‘पाटील मास्तर’, मग किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते आणि पुढे आपणा सर्वांचे कर्मवीर. १९१९ साली काले येथे स्थापलेली रयत शिक्षण संस्था त्यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात आणली. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही विकले. ‘कमवा आणि शिका’ या वाटेने गेलेली मुले शिकतानाच कुदळ-फावडे हाती घेत आणि स्वतःचा खर्च भागवत.

आज शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख असते, वर्तणूक असते, शाळा सोडल्याचे कारणही असते. पुढे ते मूल कुठे गेले, याची नोंद मात्र कुठेच राहत नाही. सरकारी श्रमबल सर्वेक्षणातून बेरोजगारीची टक्केवारी कळते. आपल्या शाळेतून बाहेर पडलेली मुलगी आयटीआयला गेली, शेतावर गेली की लग्न होऊन घरी बसली, हे त्यातून कळत नाही. ते शाळेनेच विचारले पाहिजे.

निवासाची सोय वसतिगृह आणि मंगल कार्यालये अशी विभागून करावी लागली, त्यामुळे आपल्याला येण्या-जाण्याचा त्रास होईल. पाणी, जेवण, वाहने यांत काही उणे राहिल्यास मोठ्या मनाने क्षमा करावी. सढळ हाताने मदत करणारे व्यापारी बंधू, धान्य देणारे शेतकरी, स्वयंपाकाची जबाबदारी उचलणाऱ्या बचत गटाच्या भगिनी, कंदी पेढे पाठवणारे दुकानदार आणि रात्रंदिवस राबणारे विद्यार्थी स्वयंसेवक यांचे ऋण मोठे आहे.

शेवटी एकच विनंती. प्रत्येक शाळेने दाखला दिल्यावर वर्षभराने त्या मुलाची एकदा तरी चौकशी करावी, असा ठराव या परिषदेने करावा. त्याची सुरुवात आम्ही सातारकर करू.