लाटा नसतील त्या दिवशी काय कराल?



लग्न ठरलं की हॉल, मेनू, फोटोग्राफर झाल्यावर एक प्रश्न हमखास येतो. हनिमूनला कुठे? आमच्याकडे या प्रश्नाला एक शेपूट होतं. मला सर्फिंग येतं, आणि नवऱ्याला तेव्हा पोहताही धड येत नव्हतं. तर आजचा विषय हाच. हनिमूनही होईल आणि लाटाही मिळतील, अशी जागा निवडायची कशी?

आधी थोडी ओळख. माझं माहेर देवगड तालुक्यात, विजयदुर्गाजवळ. नोकरीसाठी मंगळूरला होते, तेव्हा सुट्टीच्या दिवशी मुल्कीला जाऊन सर्फिंग शिकले. आपल्या देशात सर्फिंग जिथे रुजलं त्यातलं मुल्की हे एक गाव. मंत्र सर्फ क्लब तिथे २००४ मध्ये सुरू झाला. नवरा लष्करात. त्याचं पोस्टिंग कोलकात्याला, फोर्ट विल्यममध्ये, म्हणजे पूर्व कमांडच्या मुख्यालयात. या किल्ल्याचं नाव आता 'विजय दुर्ग' झालंय, तेही आमच्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून. त्यामुळे माहेर विजयदुर्ग आणि संसारही विजय दुर्ग, अशी थट्टा घरात अजून चालते.

किल्ल्याला लागून हुगळी. उधाणाच्या भरतीला या नदीत समुद्राकडून एक लाट उलटी वर चढत येते. इथले लोक तिला 'बान' म्हणतात, आणि ती यायच्या वेळी नावाडी आपल्या होड्या सांभाळतात. ती बघायची, तिच्या वाटेला जायचं नाही. म्हणजे लाटेसाठी बाहेरच जाणं आलं.

रजा होती बारा दिवसांची. नकाशा उघडला, आणि घरातल्या प्रत्येकाने मत दिलं. सासूबाई म्हणाल्या, "महाबळेश्वर काय वाईट आहे?" माझ्या आत्याने मात्र नेमकं दुखण्यावर बोट ठेवलं. "म्हणजे तू दिवसभर पाण्यात, आणि जावईबापू किनाऱ्यावर तुझ्या चपला राखत बसणार?"

सगळे हसले. मी त्या रात्री नीट विचार केला. लग्नानंतरचे पहिले बारा दिवस. त्यात एक जण आपल्या आनंदात आणि दुसरा वाट बघत बसलेला, असं झालं तर पुढे वर्षानुवर्षं तेच वळण पडू शकतं. म्हणून मी लाटांची यादी बाजूला ठेवली आणि तीन प्रश्न लिहून काढले. तेच तुम्हाला देते.

पहिला प्रश्न: तुमचा मुहूर्त आणि लाटांचा हंगाम जुळतो का?

आपल्याकडे कोणी हे सांगत नाही. ज्या लाटांवर सर्फिंग करतात त्यातल्या चांगल्या लाटा आपल्या किनाऱ्यावर जन्मत नाहीत. दूर दक्षिणेला हिंदी महासागरात वादळं होतात, तिथून त्या हजारो किलोमीटर चालत येतात. ही वादळं जोरात असतात तिकडच्या हिवाळ्यात, म्हणजे आपल्या साधारण मे ते सप्टेंबरमध्ये. आणि आपली लग्नं? तुळशीचं लग्न झालं की सुरू, आषाढी एकादशीला बंद. म्हणजे लाटा जोरात असतात तेव्हा आपला चातुर्मास, आणि आपले बार उडतात तेव्हा समुद्र बराचसा शांत. वर पश्चिम किनाऱ्यावर जून ते ऑगस्ट पावसाळी समुद्र इतका खवळलेला असतो की मच्छीमारही होड्या ओढून ठेवतात. नारळी पौर्णिमा उगाच नाही.

याचा अर्थ असा. डिसेंबर ते मार्च आपल्या किनाऱ्यांवर लाटा बहुतेक लहान. शिकणाऱ्याला उत्तम, मुरलेल्याला फिक्या. त्या महिन्यांत मोठ्या लाटाच हव्या असतील तर श्रीलंकेचा दक्षिण किनारा बघा, हिक्काडुवाकडचा. तिथला हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. एप्रिलनंतर हंगाम त्याच देशाच्या पूर्वेला, अरुगम बेला सरकतो. बालीच्या पश्चिम किनाऱ्याचे चांगले महिने एप्रिल ते ऑक्टोबर. वैशाखात लग्न असेल तर बाली जुळतं, पौषाच्या आगेमागे असेल तर तिकीट काढण्याआधी दोनदा विचार करा.

आमचं जायचं ठरत होतं फेब्रुवारीत. श्रीलंका हंगामाने जुळत होती. पण लष्करातल्या माणसाला परदेशी जायला आगाऊ परवानगी लागते, आणि बारा दिवसांतले तीन-चार प्रवासात गेले असते. ती खोडली.

दुसरा प्रश्न: दोघांपैकी ज्याला येत नाही, त्याच्यासाठी ती जागा कशी आहे?

हा प्रश्न लावल्यावर जवळच्या जागा भराभर गळाल्या. कोलकात्याहून सगळ्यात जवळ दिघा, दोनशे किलोमीटरच्या आत. पण बंगालच्या उपसागराचं ते टोक उथळ आहे. नद्यांचा गाळ, लांबच लांब सपाट तळ. लाट किनाऱ्यापर्यंत येईतो दमून जाते.

पुरी हावड्याहून एका रात्रीच्या गाडीवर. पुरी ते कोणार्क या पट्ट्यात सर्फिंग होतं, महोत्सवही भरले आहेत. पण खुद्द पुरीचा किनारा उतरता आहे. लाट अगदी काठाशी फुटते आणि मागे जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. आंघोळीला उतरणारे यात्रेकरू तिथल्या नुलियांचा, म्हणजे कोळी जीवरक्षकांचा हात धरतात ते त्यासाठीच. नुकतं पोहायला शिकलेल्या माणसाला बोर्ड घेऊन मी तिथे उतरवणार नव्हते.

लिटल अंदमानचा मोह मोठा होता. कोलकात्याहून विमानाने पोर्ट ब्लेअर, ज्याला आता श्री विजयपुरम म्हणतात, आणि तिथून बोटीने हट बे. बटलर बेच्या लाटांचं नाव जगभरच्या सर्फरांना माहीत आहे. पण बोटीचं वेळापत्रक हवामानावर, राहण्या-खाण्याच्या सोयी मोजक्या, बेटाचा मोठा भाग ओंगे जमातीसाठी राखीव, म्हणजे तिकडे जायचंच नाही, आणि त्या पाण्यात खाऱ्या पाण्यातल्या मगरी. दोघेही तरबेज असाल तर जा. एक जण नवखा असेल तर नको.

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा: लाटा नसतील त्या दिवशी काय कराल?

कारण असा दिवस येतोच. वारा उलटा लागतो, समुद्र आरशासारखा होतो, नाहीतर पाऊस. आठवड्यात एक-दोन दिवस धरूनच चालायचं. नुसत्या लाटांसाठी निवडलेल्या जागी त्या दिवशी दोन माणसं खोलीत बसून फोन बघतात. जागा निवडायची ती अशा रिकाम्या दिवसावरून.

या तीन प्रश्नांतून आमच्याकडे उरलं कोवलम. केरळमधलं नव्हे, चेन्नईच्या दक्षिणेला सुमारे चाळीस किलोमीटरवरचं, इंग्रजीत ज्याला कोव्हलाँग म्हणतात ते. कोलकात्याहून चेन्नईला थेट विमान. गाव मच्छीमारांचं, आणि सर्फिंग शिकवणारेही बरेचसे त्याच घरांतले. त्यांना तो समुद्र लहानपणापासून पाठ. फेब्रुवारीत लाटा कंबरेएवढ्या, तळ वाळूचा. मला थोडं कमी, त्याला पुरेसं. ही तडजोड मी डोळे उघडे ठेवून केली.

आणि रिकाम्या दिवसासाठी वीसेक किलोमीटरवर महाबलीपुरम. पल्लवांचं किनाऱ्यावरचं देऊळ, कातळावर कोरलेलं गंगावतरण. वाटेत मगरींचं संवर्धन केंद्र आहे, १९७६ पासूनचं. मगरी तिथे कुंपणापलीकडे, हे महत्त्वाचं.

तिथे गेल्यावर आणखी एक गोष्ट कळली. कोवलमला एक किल्ला होता. १७५२ मध्ये तो क्लाइव्हने घेतला. १७५६ मध्ये हाच क्लाइव्ह वॉटसनबरोबर आमच्या विजयदुर्गावर आला आणि तुळाजी आंग्र्यांचा तो किल्ला पडला. १७५७ च्या जानेवारीत याच दोघांनी कोलकाता परत घेतलं, आणि प्लासीनंतर आम्ही राहतो तो फोर्ट विल्यम नव्याने बांधायला घेतला. माझं माहेर, माझं घर आणि माझा हनिमून, तिन्हीकडे हा गृहस्थ आधी येऊन गेलेला! लाटा नव्हत्या त्या दुपारी आम्ही हेच बोलत बसलो.

निघण्याआधी नवरा दीड महिना रोज पोहायला गेला. ही अट मी घातली होती, तुम्हीही घाला. पोहता येत नसेल तर बोर्ड नाही. किनाऱ्यावर आधी शिकायचं ते उभं राहणं नव्हे, समुद्राची ओढ ओळखणं. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झटापट करू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा. बोर्डाची दोरी घोट्याला बांधलेलीच ठेवा. आणि बायकोला किंवा नवऱ्याला स्वतः शिकवायला जाऊ नका. त्यासाठी प्रशिक्षक असतो. नाहीतर लाटेचं भांडण जेवणाच्या टेबलावर येतं.

सकाळी दोन तास तो प्रशिक्षकाबरोबर, मी थोडी पुढे. चौथ्या दिवशी तो बोर्डावर उभा राहिला. दोन सेकंद, फार तर तीन. पडला, नाकातोंडात पाणी गेलं, आणि वर येऊन त्याने आधी इकडेतिकडे बघितलं ते मी पाहिलं की नाही यासाठी. मी पाहिलं होतं. त्याच लाटेवर मी नव्हते, याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

मंडळी, मोठ्या लाटा कुठे पळून जात नाहीत. अरुगम बे आहे, बाली आहे, पुढच्या रजा आहेत. तेव्हा दोघेही पाण्यात असाल, अशी सुरुवात या पहिल्या सहलीत करा. मुहूर्त बघा, नवख्याचा विचार करा, रिकामा दिवस भरून ठेवा. मग नकाशावर बोट ठेवा.