मांजराचा ताप आणि आपली गोळी

आमच्या मनीला ताप आला. कान गरम, ताटलीतलं दूध तसंच. घरात पॅरासिटामॉल होतं. लहान मुलांना चालतं, मग हिला का नाही, असं म्हणून मी अर्धी गोळी कुस्करून पाजली.

रात्रीपर्यंत हिरड्या मातकट झाल्या, तोंड सुजलं, धाप लागली. पशुवैद्यांनी पहिलंच विचारलं, "घरी काय दिलंत?" ओशाळून सांगितलं. उपचार त्यावरच ठरले. अ‍ॅसिटिलसिस्टीन हा यावरचा उतारा, पण तो लवकर मिळायला हवा.

आपलं यकृत या औषधाचा निचरा करतं. मांजराच्या यकृतात त्यासाठीचं विकर फारच कमी असतं. मग त्याच औषधापासून विषारी द्रव्य बनतं, हिमोग्लोबिन बिघडतं आणि रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. सर्दीच्या कित्येक गोळ्यांत, सिरपांतही हेच औषध असतं, हे आपल्या लक्षातच येत नाही. कुत्र्यालाही ते आपल्या मनाने देऊ नये.

मनी वाचली. औषधं मी वरच्या फळीवर ठेवली. ती तिथेही चढते, म्हणून आता घट्ट झाकणाचा डबा आणलाय.