डब्यातले बळ आणि देहाची गाळणी

(एका व्यायामशाळेच्या वार्षिकोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



बलोपासना महाराष्ट्राला नवी नाही. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात गावोगावी मारुतीची स्थापना केली. देवळासमोर तरुणांनी दंड-बैठका काढाव्यात, शरीर कमवावे, हा त्यामागचा हेतू असल्याचे आपली परंपरा सांगते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तालमीच्या लाल मातीत घडले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीहून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन परतले. आज तालमीची जागा जिमने घेतली आहे आणि बदामाच्या थंडाईची जागा पावडरच्या डब्याने. तरुण पिढी व्यसनांऐवजी व्यायामाकडे वळत असेल तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु या डब्याबरोबर एक भीतीही अनेक मध्यमवर्गीय घरांत शिरली आहे.

कल्पना करा. चोवीस वर्षांचा मुलगा रोज पहाटे दीड तास वजने उचलतो. कंपनीच्या वार्षिक तपासणीत त्याचे क्रिएटिनिन १.४ येते. अहवालावर तो आकडा ठळक छापलेला असतो आणि त्याखाली मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता ७० च्या आसपास दाखवलेली असते. आईच्या पोटात गोळा येतो. वडील डबा उचलून फेकायला निघतात. मुलगा म्हणतो, "बाबा, या पावडरने कुणाला काही होत नाही." दोघांच्याही म्हणण्यात अर्धे सत्य आहे, आणि प्रकृतीच्या बाबतीत अर्ध्या सत्यावर विसंबणे धोक्याचे असते.

प्रथम शरीराचे कार्य समजून घेऊ. आपण खाल्लेल्या प्रथिनांतून स्नायूंची झीज भरून निघते. उरलेल्या भागातील नायट्रोजनपासून यकृत युरिया तयार करते आणि तो बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांकडे येते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील बहुतेक सारा शरीराला परत करतात. प्रथिने जास्त खाल्ली की गाळण्याचा वेग वाढतो, हे निर्विवाद आहे.

भीतीचे मूळ येथेच आहे. १९८२ मध्ये अमेरिकेतील मूत्रपिंडतज्ज्ञ बॅरी ब्रेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी असा सिद्धांत मांडला की, हा वाढलेला वेग वर्षानुवर्षे टिकला तर गाळण्यांवर ताण पडून त्या झिजतात. आधीच आजारी असलेल्या मूत्रपिंडांच्या बाबतीत हा विचार मोलाचा ठरला. निरोगी मूत्रपिंडांबाबत मात्र पुढील संशोधनाने वेगळे चित्र दाखवले. २००३ मध्ये अमेरिकेतील १,६२४ महिलांच्या ११ वर्षांच्या निरीक्षणाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांची मूत्रपिंडे धडधाकट होती, त्यांच्यात अधिक प्रथिनांचा ऱ्हासाशी संबंध आढळला नाही. ज्यांची मुळातच थोडी अशक्त होती, त्यांच्यात तो आढळला. २०१८ मध्ये निरोगी व्यक्तींवरील २८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यातही अधिक प्रथिनांनी मूत्रपिंडांचे कार्य खालावल्याचे दिसले नाही.

मग तो १.४ चा आकडा? क्रिएटिनिन हा स्नायूंतून निघणारा टाकाऊ पदार्थ आहे. ज्याचे स्नायू मोठे, त्याचे क्रिएटिनिन स्वाभाविकपणेच थोडे जास्त. त्यातच तो क्रिएटिन नावाची पूड घेत असेल, तर मूत्रपिंडांना इजा न होताही आकडा वाढतो. अहवालातील क्षमता ही या आकड्यावरून मांडलेले गणित असते. समोरचा माणूस पैलवान आहे की कारकून, हे त्या गणिताला कळत नाही. अशा वेळी लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी, रक्तदाब आणि स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली सिस्टाटिन-सी ही रक्ततपासणी खरे चित्र दाखवतात.

येथपर्यंत मुलाची बाजू झाली. आता वडिलांच्या काळजीकडे वळू.

मूत्रपिंडाचा आजार मुका असतो. क्षमता बरीच घटेपर्यंत तो दुखत नाही, खुपत नाही. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही त्याची प्रमुख कारणे, आणि हे दोन्ही आपल्या घराघरांत आहेत. आपले मूत्रपिंड निरोगी आहे, हे न तपासताच गृहीत धरणारा तरुण २००३ च्या त्या अभ्यासातील दुसऱ्या गटात असू शकतो.

दुसरा प्रश्न डब्यात नेमके काय आहे, हा. २०२४ मध्ये भारतीय बाजारातील ३६ प्रथिन-पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली. सुमारे ७० टक्के उत्पादनांत लेबलवरील प्रथिनांचा आकडा खरा नव्हता. काहींत बुरशीपासून होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष, तर काहींत कीटकनाशकांचे अंश आढळले. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने शरीर कमावण्यासाठी अशा पावडरी टाळण्याचा सल्ला दिला.

तिसरा धोका सर्वांत गंभीर. जिममधील एखादा 'जाणकार' पावडरीपाठोपाठ इंजेक्शन पुढे करतो. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील तज्ज्ञांनी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या दहापैकी नऊ शरीरसौष्ठवपटूंच्या मूत्रपिंडांत गाळण्यांवर व्रण पडल्याची नोंद केली. स्पर्धेपूर्वी पाणी तोडणे आणि त्यावर वेदनाशामक गोळ्या घेणे, हेही मूत्रपिंडावर थेट घाव घालणारे आहे. दोष मात्र पुष्कळदा डाळ-दुधालाच दिला जातो.

गरज तरी किती? सर्वसाधारण भारतीयाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. वजने उचलणाऱ्याला १.६ ग्रॅमपर्यंत लाभ होतो. त्यापुढे स्नायूंची वाढ फारशी होत नाही, असे २०१८ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसले. सत्तर किलोच्या तरुणाला म्हणजे सुमारे ११० ग्रॅम. अर्धा लिटर दुधातून १६, ७५ ग्रॅम डाळीतून १७, ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांतून २५, मूठभर शेंगदाण्यांतून ७, १०० ग्रॅम पनीरमधून १८ आणि अडीचशे ग्रॅम कणकेतून २५ ग्रॅम. बेरीज १०८ होते, तीही शाकाहारी स्वयंपाकघरातून. चीज करताना दुधातून वेगळे होणाऱ्या पाण्यापासून बनलेली 'व्हे' पावडर हे विष नव्हे. पण ती या ताटाची जागा घेऊ शकत नाही. घ्यायचीच असेल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक पाहून, पक्क्या पावतीसह घ्यावी.

म्हणून त्या घरातील बापलेकांनी भांडण्याऐवजी एक सकाळ एकत्र डॉक्टरांकडे जावे. मुलाने आपण काय काय घेतो ते न लपवता सांगावे. महत्त्वाची गोष्ट अशी की, तपासणी एकट्या मुलाची होऊ नये. पन्नाशी ओलांडलेल्या वडिलांनीही रक्तदाब, साखर आणि लघवी तपासून घ्यावी. कदाचित खरी गरज त्यांनाच अधिक असेल.

समाजाला बलवान तरुण हवे आहेत. चार महिन्यांत फुगलेल्या दंडांपेक्षा साठाव्या वर्षीही ताठ उभे राहणारे शरीर समाजाच्या अधिक कामी येते. बलोपासना करावी, अवश्य करावी. ती डोळसपणे करावी.