ज्वारीच्या पेशीतला मुकादम



कामगार संघटनेच्या माणसाने पिकाच्या जनुकांवर बोलावे, याचे कोणाला नवल वाटेल. पण पाऊस फिरला की पहिली मजुरी बुडते ती शेतमजुराच्या घरातली. म्हणून हा विषय मी परका मानीत नाही.

ऐन वाढीत पावसाने ताण दिला, की ज्वारी काय करते ते पाहा. पाने गुंडाळून घेते, वाढ थांबवते आणि अंगावरच्या पांढुरक्या मेणाखाली ओल जपते. सर आली की पुन्हा पाने उलगडते. हे शहाणपण तिच्याजवळ कोठून आले?

२००९ साली शास्त्रज्ञांनी ज्वारीच्या पेशीतला सगळा जनुकलेख वाचून काढला. सुमारे तीस हजार जनुके निघाली. पण गिरणीत जशा पाळ्या असतात, तशीच ही जनुके सारी एकाच वेळी कामावर नसतात. त्यांना कामाला लावणारी काही नियामक प्रथिने असतात. मी त्यांना मुकादम म्हणतो. असा मुकादम डीएनएवरच्या ठरावीक खुणेला जाऊन चिकटतो आणि त्या खुणेजवळची जनुके जागी होतात किंवा गप्प बसतात. मुकादमही जनुकांच्याच हुकमाने घडतो, हे ध्यानात ठेवावे.

१९९८ साली जपानी शास्त्रज्ञांनी मोहरीच्या कुळातल्या एका इवल्या रोपात 'ड्रेब' नावाचे मुकादम शोधले. ते कुळ ज्वारीतही आहे. त्यांनी एक मुकादम रात्रंदिवस जागा ठेवून पाहिला. रोप दुष्काळात टिकले खरे, पण खुरटले! मग तो फक्त ताण पडल्यावरच जागा व्हावा अशी योजना केली, तेव्हा रोप टिकलेही आणि वाढलेही. संकटाचा भोंगा अष्टौप्रहर वाजत राहिला, तर घर चालत नाही.

भाताची गोष्ट उलटी आहे. तिथला 'डीएसटी' हा मुकादम पानांची रंध्रे मिटू देत नाही. २००९ साली चिनी संशोधकांनी दाखवले, की तो निकामी झाला तर रंध्रे अधिक मिटतात आणि पाणी वाचते. याच आधारावर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने एमटीयू १०१० या वाणाचे जनुक संपादित केले. 'पुसा डीएसटी राइस १' हा तो वाण मे २०२५ मध्ये जाहीर झाला. विज्ञानाचे मी स्वागतच करतो. पण घोषणा म्हणजे खळ्यावरची रास नव्हे. चाचणीचे आकडे शेतकऱ्यापुढे उघडे मांडले गेले पाहिजेत.

आणखी एक गोष्ट. सोलापूरकडची मालदांडी ३५-१ ही १९३० च्या दशकात मोहोळला गावरान ज्वारीतून निवडली गेली. तेव्हा हे मुकादम कोणाला ठाऊक नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या कणसे पारखून बियाणे राखणाऱ्या हातांनीच ते जपले होते. आज विदर्भात ज्वारीची जागा कापूस आणि सोयाबीनने घेतली आहे. गावरान वाण गेला, की त्याच्याबरोबर त्याचे मुकादमही जातात. बियाणे राखण्याचा व देवघेवीचा हक्क २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला दिला आहे. पण राखायला बियाणेच उरले नाही, तर हक्क घेऊन काय करायचे?

शेवटी एवढेच सांगतो. रोप रंध्रे मिटून चार दिवस तग धरते. मजुराला पोट मिटता येत नाही. उत्तम वाण आला म्हणून तळी, बांधबंदिस्ती आणि रोजगार हमी यांची गरज सरत नाही. जो कोणी तसे सांगेल, त्याला आपण काटोलकरांनी उभे करून जाब विचारावा.